पांडवलेण्यातले सातवाहन दफ्तर

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला सगळे पांडवलेणी म्हणून ओळखतात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत सातवाहन राजांचे चार महत्त्वाचे लेख आहेत. त्यांतला एक प्रसिद्ध आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरवून घेतला. उरलेले तीन लेख सरकारी हुकूम आहेत. जमीन कोणाला दिली, कोणत्या गावात दिली, कोणत्या अटींवर दिली आणि दिलेली जमीन बदलून का द्यावी लागली, एवढाच त्यांचा विषय. पर्यटक ओसरीत उभे राहून फोटो काढतात. मार्गदर्शक त्यांना पहिल्या लेखातला पराक्रम सांगतो आणि मंडळी पुढच्या लेण्याकडे वळतात.

गंमत म्हणून नव्हे, तर इतिहासाची समज बदलावी म्हणून या सवयीला हरकत घ्यायला हवी. सातवाहनांचे राज्य इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, मध्यंतरी शक क्षत्रपांनी पश्चिम दख्खन बळकावला तो काळ धरूनही, टिकून राहिले. ते कशामुळे टिकले याचे उत्तर बलश्रीच्या प्रशस्तीत, म्हणजे त्या प्रसिद्ध स्तुतिलेखात, सापडत नाही. ते शेजारच्या तीन रुक्ष हुकुमांत आहे.

आधी प्रशस्ती काय म्हणते ते पाहू. गौतमीपुत्र हा ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ आणि आकरावंतीचा राजा. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. त्याने शक, यवन, पह्लवांचा नाश केला, क्षहरात या शक क्षत्रपांच्या घराण्याचा वंश निखंदून काढला आणि सातवाहन कुळाची कीर्ती पुन्हा उभी केली. मुलगा गेल्यावर आईने कोरवलेला हा लेख आहे आणि त्यात अभिमान ओतप्रोत भरलेला आहे. पण त्याच लेखात दोन वेगळी विशेषणेही आहेत: हा राजा धर्माला धरूनच कर घेई आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला रुचत नसे. आईला मुलाच्या तलवारीइतकेच त्याच्या कर घेण्याच्या रीतीचेही कौतुक नोंदवावेसे वाटले. त्या कौतुकात किती तथ्य होते, ते तपासायचे साधन त्याच ओसरीत आहे.

पहिला हुकूम गौतमीपुत्राच्या राज्याच्या अठराव्या वर्षातला. विजयी सैन्याच्या छावणीतून तो निघाला आणि गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, पाठवला गेला. गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकच्या परिसरातले त्या काळचे ठाणे. पश्चिम कखडी या गावात उषवदाताच्या ताब्यातले दोनशे निवर्तनांचे (निवर्तन हे जमीन मोजण्याचे एकक) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे, असा आदेश आहे. उषवदात म्हणजे नहपान क्षत्रपाचा जावई, काल-परवापर्यंत याच प्रदेशाचा कारभार पाहणारा माणूस. युद्ध नुकते संपले आहे, सैन्य अजून मैदानात आहे आणि राजाच्या पहिल्या कामांत शत्रूच्या शेताची कायदेशीर विल्हेवाट लावण्याचे काम आहे. आज्ञा तोंडी दिली, अमात्य शिवगुप्ताने ती लिहून घेतली, पट्टा तयार झाला, तारीख पडली. कोणी सांगितले, कोणी लिहिले, कोणाकडे ठेवले, या सगळ्याची नोंद आहे.

पुढे सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरा हुकूम आला. या वेळी गौतमीपुत्रासोबत राजमाताही आज्ञा देते. गोवर्धनला आता श्यामक नावाचा अमात्य आहे. पत्राची सुरुवात त्याची खुशाली विचारून होते आणि मग मुद्दा येतो. कखडी गावातले जे शेत आम्ही भिक्षूंना दिले होते ते कसले जात नाही आणि त्या गावात वस्तीही राहिलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचे जे राजकीय शेत आहे, त्यातले शंभर निवर्तन त्यांना द्यावे. सवलती पूर्वीच्याच.

हा मजकूर थांबून वाचण्यासारखा आहे. राजाने दिलेले दान कागदावर पूर्ण होते. पट्टा झाला होता, दगडावर नाव कोरले गेले होते, कीर्ती पदरात पडली होती. पण दिलेल्या जमिनीतून दाणा येत नव्हता. ही बातमी डोंगरावरच्या भिक्षूंकडून अमात्याकडे आणि अमात्याकडून राजवाड्यापर्यंत पोहोचली. राजवाड्याने ती दाबली नाही. आपले दान फसले हे राजाने आणि राजमातेने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लेण्याच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशा अक्षरांत कोरू दिले. पर्यायी जमीनही कोणा तिसऱ्याची हिसकावून दिली नाही, स्वतःच्या खासगीतून दिली. क्षेत्र निम्मे होते, पण ते नगराच्या कडेला, वस्तीलगत होते. कसणारी माणसे जिथे आहेत तिथली शंभर निवर्तने ओस गावातल्या दोनशेंपेक्षा मोलाची, एवढा व्यवहार त्या कार्यालयाला कळत होता.

तिसरा हुकूम पुळुमावीच्या बाविसाव्या वर्षाचा आणि तोही दुरुस्तीचाच. लेण्याच्या देखभालीसाठी भद्रायनीय पंथाच्या भिक्षूंना तीन वर्षांपूर्वी सुदसन नावाचे गाव दिले होते. त्याऐवजी आता सामलिपद गाव द्यावे, असे शिवखंडिल नावाच्या अमात्याला कळवले आहे. दोन पिढ्यांत तीन हुकूम आणि त्यांतले दोन आधीच्या हुकुमात बदल करणारे. यावरून सातवाहनांचा कारभार ढिसाळ होता असा निष्कर्ष काढणारे निघतील. वस्तुतः ज्या राज्यात आदेशाचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही, तिथे दुरुस्तीचा हुकूम निघतच नाही. तिथे सगळी दाने कागदावर यशस्वी असतात.

या हुकुमांतली सवलतींची यादी त्याहून बोलकी आहे. दिलेल्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, कोणी त्याला हात लावू नये, मिठासाठी तिथे खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी तिथे ढवळाढवळ करू नये आणि इतर सर्व प्रकारच्या सुटी त्याला असाव्यात. शेताला ‘आत येणार नाही’ असे अभय द्यावे लागते, याचा अर्थ इतर शेतांत सरकारी माणूस शिरत होता. मिठासाठी खणणार नाही असे लिहून द्यावे लागते, याचा अर्थ मिठावर राजाचा हक्क होता आणि तो बजावायला लोक कोणाच्याही रानात कुदळ घालत. ज्या गावांना अशी सनद मिळाली नाही, त्या गावांनी काय सोसले याचा पाढा या सवलतींत उलट्या बाजूने लिहिलेला आहे. दख्खनच्या सामान्य शेतकऱ्याने दोन हजार वर्षांपूर्वी स्वतःचे गाऱ्हाणे दगडावर कोरले नाही. पण त्याच्या दारात कोण कोण येई, हे राजाच्याच शब्दांत शिल्लक राहिले.

म्हणून सातवाहनांना आदर्श राजे म्हणून डोक्यावर घेणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना केवळ दिग्विजयी म्हणून पाहणेही अपुरे. त्यांचे खरे कर्तृत्व सत्तेला मर्यादा लिहून देण्यात आहे. ‘माझी माणसे इथे येणार नाहीत’ असे राजाने लिहून द्यायचे, त्यावर तारीख घालायची, नक्कल कोणाकडे राहील ते ठरवायचे आणि पुढच्या पिढीतल्या राजाने ती सवलत पुढे चालवायची, ही पद्धत रुजली तेव्हाच राज्य एका पराक्रमी माणसाच्या आयुष्यापलीकडे टिकू शकले.

राज्य एका माणसापलीकडे चालू ठेवण्याची हीच वृत्ती दुसऱ्या एका पुराव्यातही दिसते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांपैकी ९,२७०च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटवली आहे. एरवी ही गोष्ट विजयाची खूण म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण नाणे वितळवून टाकले नाही, चलन बंद केले नाही, बाजार कोलमडू दिला नाही, हेही तितकेच खरे. शेतकऱ्याच्या कमरेच्या कशात जे नाणे होते ते राजा बदलला तरी नाणेच राहिले.

क्षत्रपांच्या काळात गोवर्धनमध्ये बाजाराची जी व्यवस्था होती तिचा हिशेब त्याच डोंगरावर, दहाव्या लेण्यात आहे. उषवदाताने बेचाळिसाव्या वर्षी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनांकडे, ठेवली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक या दराने. एक हजार विणकरांच्या दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस आणि वीस जणांचे प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. हिशेब पैशापर्यंत जुळतो. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खायचे. हा करार नगराच्या निगमसभेत जाहीर वाचला गेला आणि फलकावर नोंदवला गेला.

राजाचा जावई आपला पैसा विणकरांकडे ठेवतो, यातच त्या समाजाची एक बाजू उभी राहते. राजे येत-जात राहिले. विणकरांची संघटना मात्र कायम राहील अशी खात्री राजघराण्यालाच होती. पुढे सातवाहन गेले, आभीर आले, तेव्हाही याच लेण्यांत आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे बनवणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा लेख मिळतो. सत्तांतरे झाली, पण या मधल्या संस्थांना कोणी हात लावला नाही. सातवाहन साम्राज्याचा कणा इथे होता: अमात्यापासून श्रेणीपर्यंत, गावापासून निगमसभेपर्यंत, राजधानीबाहेर पसरलेल्या निर्णयकेंद्रांत.

या व्यवस्थेवर व्यापाराचा भार होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या सागरी व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले, ते ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, अशी अंतरे दिली आहेत. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड गाड्यांवरून बिकट वाटांनी बंदराकडे जाई. कल्याण बंदर एके काळी खुला व्यापारी तळ होते, पण राज्य बदलल्यावर तिथे चुकून येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, अशीही नोंद आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांची लढाई कशासाठी होती ते यावरून कळते: घाटमाथा आणि बंदर यांना जोडणारी वाट कोणाच्या हातात असावी, यासाठी.

त्या वाटांतली सर्वांत महत्त्वाची वाट नाणेघाट. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या या खिंडीच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्तींचे अवशेष आहेत. मूर्ती गेल्या, वरची नावे राहिली: सिमुक, सातकर्णी आणि देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), राजकुमार, एक महारठी. राणीच्या लेखात अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणांची जंत्री आहे. आपल्या घराण्याची चित्रशाळा आणि यज्ञांचा हिशेब राजधानीत न ठेवता व्यापारी तांडे जिथून जातात त्या खिंडीत ठेवावा, हा निर्णय राज्यकर्त्यांची बुद्धी दाखवतो. राजाचे नाव ज्याला रोज वाचायला मिळायला हवे तो माणूस बैलांच्या मागून चालत होता.

नागनिकेचा लेख वैदिक यज्ञांचा आहे, पण भाषा प्राकृत आहे. त्रिरश्मीवरचे हुकूमही प्राकृतातच. इसवी सन १५०च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनाने गिरनारला डौलदार संस्कृतात लेख कोरवला, त्याच शतकात सातवाहनांचे दफ्तर लोकांच्या भाषेत चालू होते. राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ही महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात गोदाकाठ आहे, पिके राखणारे आहेत, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या ग्रंथाचा दाखला मोठ्या अभिमानाने दिला गेला. तो योग्यच होता. पण काव्याइतकाच अभिमान हुकुमांचाही असायला हवा. कर, शेत, सीमा, सवलत हे विषय ज्या भाषेत लिहिले गेले, ती भाषा कारभाराला समर्थ होती हे त्या हुकुमांनी सिद्ध केले आहे. सातवाहनांच्या नाण्यांत तर राजाचे मुखचित्र आणि प्राकृताबरोबर दक्षिणेकडच्या बोलीतही नाव असलेली चांदीची नाणी आहेत. ज्या प्रजेच्या हाती नाणे जाणार तिला ते वाचता यावे, याची ती काळजी होती.

प्रशस्ती आणि दफ्तर यांतला फरक आणखी एका ठिकाणी लख्ख दिसतो. बलश्रीचा लेख गौतमीपुत्राला अद्वितीय ब्राह्मण म्हणतो आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असे सांगतो. याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी मात्र महाक्षत्रप रुद्रदामनाच्या घरची लेक होती. कान्हेरीच्या लेखातून ते कळते. रुद्रदामनही गिरनारच्या लेखात म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे त्याला संपवले नाही. ज्यांचा वंश निखंदल्याची द्वाही फिरवली, त्यांच्याच जातभाईंशी सोयरीक जुळली. वैदिक यज्ञ करणाऱ्या घराण्यातली राजमाता बौद्ध भिक्षूंना लेणे देते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांची नावे आहेत आणि दाराच्या कामात एका सुताराचे आणि एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, नाव आहे. समाज जसा होता तसा इथे दिसतो. शुद्धतेच्या घोषणेला या पुराव्यांपुढे फारसा आधार उरत नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायलाच हवा. सवलती मिळाल्या त्या भिक्षूंना. राजाची माणसे मठाच्या शेतात शिरणार नाहीत, याने सामान्य कुणब्याला काय मिळाले? शिवाय अशा करमुक्त दानांतूनच पुढच्या शतकांत जमिनीवरचे मध्यस्थ वाढले आणि केंद्रसत्ता पोखरली गेली, असे अनेक इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. राज्याच्या दूरच्या भागात चित्र वेगळेही होते. आंध्र-कर्नाटकाच्या सीमेवरच्या म्याकदोनीच्या लेखात, पुळुमावी नावाच्या राजाच्या आठव्या वर्षी, सातवाहनिहार हा प्रदेश महासेनापती खंदनागाच्या हाताखाली आणि त्यातले गाव कुमारदत्त नावाच्या गुल्मिकाच्या, म्हणजे लष्करी तुकडीच्या नायकाच्या, हाताखाली असल्याचे दिसते. तिथे गावकऱ्याच्या डोक्यावर अमात्याऐवजी सैनिक अधिकारी होता.

आक्षेप खरा आहे, पण त्याने मूळ मुद्दा कमी होत नाही. त्याच म्याकदोनीच्या लेखाचा विषय काय आहे? एका गृहपतीने, म्हणजे खात्यापित्या घरच्या कर्त्या माणसाने, तळे खोदवले. महासेनापती आणि गुल्मिक यांची नावे त्या तळ्याचा ठावठिकाणा सांगण्यासाठी आली आहेत. लष्करी अंमलाखालच्या गावातही काम करणारा आणि ते नोंदवणारा माणूस राज्ययंत्रणेबाहेरचा होता. सातवाहन व्यवस्थेने सामान्य माणसाला समता दिली नाही. तिने त्याच्या संस्थांना, त्याच्या नोंदींना आणि त्याच्या भाषेला जागा ठेवली. प्राचीन साम्राज्यांच्या हिशेबात ही गोष्ट लहान नाही. एकदा सत्तेने लेखी मर्यादा मान्य केली की ती आज मठाला मिळते आणि उद्या दुसरा कोणी तीच मागू शकतो. जी मर्यादा कधी लिहिलीच गेली नाही, ती मात्र कोणालाच मागता येत नाही.

महाराष्ट्र सातवाहनांना आठवतो तो मुख्यतः शालिवाहन शकामुळे आणि गुढीपाडव्याला सांगितल्या जाणाऱ्या विजयकथेमुळे. इसवी सन ७८मध्ये सुरू झालेली ही कालगणना मुळात शक-कुषाणांच्या परंपरेतली आणि तिला शालिवाहनाचे नाव जोडले गेले ते कित्येक शतकांनंतर. सातवाहन स्वतः राजाच्या राज्यवर्षाने आणि ऋतूच्या पंधरवड्याने तारीख घालत. अठराव्या वर्षाचा हुकूम पावसाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या पहिल्या दिवसाचा आहे. ही कालगणना शेतीच्या हंगामाला धरून चालणारी होती आणि कखडीचे शेत पडीक राहिले हे अशाच एका हंगामात कोणाच्या तरी लक्षात आले.

पाठ्यपुस्तकात गौतमीपुत्र ‘त्रिसमुद्रतोयपीतवाहन’ म्हणून येतो. ते विशेषण राहू द्यावे, पण त्याच्या शेजारी चोविसाव्या वर्षाचा हुकूमही छापावा. इयत्ता सातवी-आठवीतल्या मुलाला तो पूर्ण समजतो: शेत दिले, कोणी कसले नाही, गाव ओस पडले, म्हणून दुसरे दिले. ज्याच्या घरात सातबाऱ्यावरून, पीकपाण्याच्या नोंदीवरून, अनुदान खात्यावर जमा झाले की नाही यावरून बोलणे चालते, त्या मुलाला या मोजक्या ओळींत सरकार म्हणजे काय हे इतिहासाच्या कोणत्याही लढाईपेक्षा लवकर कळेल. नाशिक, जुन्नर, कार्ले, पैठण, तेर इथल्या शाळांना तर पुस्तकाचीही वाट पाहायला नको. लेख भिंतीवर आहेत, वाचने प्रसिद्ध झालेली आहेत आणि डोंगर शाळेच्या सहलीच्या टप्प्यात आहे. तिथे गेल्यावर मुलांना विजयाचा लेख दाखवावा आणि मग त्याच ओसरीतला श्यामकाला आलेला हुकूम मोठ्याने वाचून दाखवावा.